एकच भाव

लहानपणीं आम्हांस दुकानांत पाठवितांना घरांतून दोन गोष्टी बजावून सांगत: उरलेले पैसे तेथेंच मोजून घे, आणि पुडीचा दोरा टाकूं नकोस. दोरा नेमानें घरीं येई. पैसे मात्र पुष्कळदां कमी भरत. एके दिवशीं शेजारच्या काकांनीं व आम्हीं एकाच दुकानांतून, एकाच ढेपेचा गूळ आणला. काकांचा गूळ स्वस्त पडला होता, आमचा महाग. आपलेंच कांहीं तरी चुकलें अशा समजुतीनें आम्ही रडकुंडीस आलों. परंतु आईनें आम्हांस दोष दिला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "अरे, तो गुळाचा भाव सांगत नाहीं, माणसाचा सांगतो." दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरचें वाणसामान दोन आळ्या पलीकडच्या एका अरुंद दुकानांतून येऊं लागलें. तें दुकान लांब होतें, तेथें गर्दी असे आणि उधारी मिळत नसे. पण भिंतीवरच्या फळ्यावर खडूनें भाव लिहिलेले असत आणि ते काकांना, आईला व आम्हांला सारखेच लागू पडत.

तो गूळ केव्हांच संपला. आईचें वाक्य मात्र मनांत राहिलें. पुढें व्यापाराच्या इतिहासाचीं पुस्तकें चाळूं लागलों तेव्हां एक मौज दिसून आली. लहान दुकान भरभराटीस कसें आणावें या प्रश्नाचें उत्तर निरनिराळ्या देशांतील, एकमेकांची वार्ताही नसलेल्या माणसांनीं बऱ्याच अंशीं सारखेंच दिलें आहे. तें उत्तर असें कीं, भाव मालाचा सांगावा, माणसाचा सांगूं नये. ऐकावयास हें अगदीं सोपें वाटतें. तें अंमलांत आणतांना कोणाचा रोष पत्करावा लागला, त्यांत कोणाचें हित झालें आणि कोण उपाशी राहण्याचा धोका होता, हें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. घासाघीस ही मुळांतच लबाडी होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्या गांवांत दुकानदार व गिऱ्हाईक परस्परांस पिढ्यानुपिढ्या ओळखतात तेथें ठराविक भावाची फारशी गरजच नसते. कोणाचें पीक बुडालें, कोणाच्या घरीं लग्न निघालें, कोण दिवाळीपूर्वीं पैसे आणून देईल आणि कोणाच्या दारीं वहाणा झिजवाव्या लागतील, हें सर्व दुकानदारास पाठ असतें. भाव सांगतांना तें सर्व त्यांत मिसळलेलें असतें. अशा भावांत तीन किंमती एकवटलेल्या असतात. पहिली मालाची, दुसरी पैसे थकण्याच्या भीतीची आणि तिसरी गिऱ्हाइकाच्या तोंडवळ्याची. गांव वाढून त्याचें शहर झालें, दारांत उभा राहणारा मनुष्य अनोळखी झाला, म्हणजे या तिसऱ्या किंमतीस धरबंध राहत नाहीं. जो बोलका आणि बेरकी तो घासाघीस करून सुटतो. भिडस्त, गरजू आणि अजाण यांच्या माथीं सगळा फरक बसतो.

इतिहासकारांनीं राजांच्या खजिन्यांकडे व मोठ्या पेढ्यांकडे जितकें लक्ष पुरविलें तितकें लहान दुकानाच्या तागडीकडे पुरविलें नाहीं. आपल्याकडील 'आज्ञापत्र' या राजनीतीवरील ग्रंथांत साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु पेठेंतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या रोजकीर्दी व खतावण्या बहुतेक वाळवीच्या आणि रद्दीच्या स्वाधीन झाल्या. सुदैवानें जपानांत एका घराण्यानें आपलीं वह्याचोपड्या व कागदपत्रें शतकानुशतकें जपून ठेविलीं. त्यामुळें एका चिंचोळ्या दुकानाचा जन्म आपणांस पुष्कळ तपशिलानें पाहावयास मिळतो.

मित्सुई ताकातोशी याचा जन्म १६२२ सालीं इसे प्रांतांतील मात्सुसाका या गांवीं झाला. बाप धंद्यापेक्षां काव्यविनोदांत अधिक रमणारा. घरचा दारू व मिसो विकण्याचा आणि गहाणवटीचा व्यवहार खऱ्या अर्थानें चालविला तो त्याची आई शुहो हिनें. (मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला, जपानी स्वयंपाकांत रोज लागणारा पदार्थ.) आलेल्या गिऱ्हाइकास ही बाई चहा व तंबाखू देऊन आदरानें बसवी, घरांत मात्र एक चिंधीही वायां जाऊं देत नसे. पुडीचा दोरा जपणाऱ्या घरांत जे वाढले त्यांना ही बाई परकी वाटणार नाहीं.

चवदाव्या वर्षीं ताकातोशी एदो शहरीं, म्हणजे ज्यास आज टोकियो म्हणतात तेथें, थोरल्या भावाच्या कापडदुकानांत कामास लागला. त्याचें धंद्यांतील कसब लवकरच दिसून आलें, आणि भावास तें कौतुकाइतकेंच काळजीचेंही वाटलें असावें. १६४९ सालीं वृद्ध आईची सेवा करण्यासाठीं त्याला गांवीं परतावें लागलें. तेथें त्यानें जवळजवळ चोवीस वर्षें काढलीं. भाऊ हयात असेपर्यंत एदोंत स्वतःचें दुकान थाटण्याचा मार्ग मोकळा नव्हता. मग त्यानें गांवीं सावकारी केली, पैसा साठविला आणि मुलगे मोठे होतांच त्यांना धंदा शिकण्यासाठीं एदोस धाडलें. १६७३ सालीं भाऊ वारला. आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्या आदल्या वर्षींची ही गोष्ट. पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थानें त्याच वर्षीं क्योतो शहरीं माल खरेदी करण्यासाठीं एक ठाणें बसविलें आणि एदोंतील होंचो या कापडवाल्यांच्या पेठेंत 'एचिगोया' नांवाचें दुकान उघडलें. त्या दुकानाचें तोंड नऊ शाकू रुंद होतें. शाकू म्हणजे जवळजवळ एक फूट. आपल्याकडील पानपट्टीच्या ठेल्याहून थोडें मोठें, इतकेंच तें दुकान होतें.

त्या काळीं एदोंतले प्रतिष्ठित कापडवाले दुकानांत विक्री फारशी करीत नसत. त्यांचीं गिऱ्हाइकें म्हणजे दाइम्यो नांवाचे सरदार आणि मोठमोठे सामुराई. गुमास्ते त्यांच्या वाड्यांवर नमुने व ठाणें घेऊन जात. भाव बोलाचालीनें ठरे. पैसे वर्षांतून एकदोनदां, ठराविक सणावारीं मिळावयाचे. सहा महिने पैसा अडकून पडे, कांहीं रकमा बुडत, आणि गुमास्त्यांचे हेलपाटे वेगळे. हा सर्व खर्च भावांत आधींच चढवून ठेवलेला असे. दुसरें असें कीं, रेशमी कापड ठाणाच्या हिशेबानेंच विकलें जाई. ज्याला हातभर कापड हवें त्याला तें मिळण्याची सोय नव्हती. म्हणजे शहरांत राहणाऱ्या साध्या कारागिराच्या किंवा दुकानदाराच्या कुटुंबाला या पेठेचें दार उघडें असूनही बंदच होतें.

ताकातोशीनें हीच बंद बाजू उघडली. आपला माल वाड्यावर जाणार नाहीं. ज्याला हवा त्यानें दुकानांत यावें. पैसे तेथल्या तेथें रोख द्यावे. भाव वाढवून सांगितला जाणार नाहीं आणि म्हणून तो कमीही केला जाणार नाहीं. आणि कापड हवें तेवढें फाडून मिळेल. या चार गोष्टी निरनिराळ्या दिसल्या तरी त्या एकाच हिशेबाच्या चार बाजू आहेत. एक दुकानदार शंभर रुपयांचा माल वर्षांतून एकदांच फिरवून त्यावर वीस रुपये मिळवितो असें धरा. दुसरा तेवढ्याच भांडवलावर दर खेपेस अवघे चार रुपये घेतो, पण पैसे हातोहात मिळत असल्यामुळें वर्षांत दहा वेळां माल भरतो. वर्षअखेर पहिल्याच्या पदरीं वीस रुपये पडतात, दुसऱ्याच्या चाळीस. शिवाय दुसऱ्याचें गिऱ्हाईक स्वस्त माल घेऊन संतुष्ट असतें. रोखीमुळें भाव उतरतो, उतरलेल्या भावामुळें गर्दी वाढते, आणि गर्दी वाढली म्हणजे प्रत्येकाशीं घासाघीस करण्यास वेळच उरत नाहीं. एकच भाव हें तेथें नीतीचें तत्त्व होतें आणि दुकान चालविण्याची सोयही होती. केवळ नीतीवर किंवा केवळ सोयीवर तें इतकीं वर्षें टिकलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

शेजारच्या दुकानदारांना हें रुचलें नाहीं, हें सांगावयास नकोच. एचिगोयाशीं कोणीं व्यवहार ठेवूं नये असा त्यांनीं घाट घातला. एकानें तर आपला शौचकूप अशा बेतानें बांधला कीं, त्याची घाण एचिगोयाच्या स्वयंपाकघराकडे यावी. लहान दुकानदाराचा खरा शत्रू राजा किंवा दरोडेखोर असतो असें आपण समजतों. प्रत्यक्षांत तो पुष्कळदां शेजारच्याच गादीवर बसलेला असतो. १६८२-८३ च्या हिंवाळ्यांत एदोस मोठी आग लागली आणि होंचोमधील हें दुकानही जळालें. ताकातोशीनें पुन्हां त्याच पेठेंत भांडत बसण्यापेक्षां सुरुगाचो या जवळच्याच मोहल्ल्यांत नवी जागा घेतली. तेथून त्यानें शहरभर हस्तपत्रकें वांटलीं. त्यांचा मथितार्थ असा कीं, माल स्वस्त दिला जाईल, मात्र तो नेण्यास दुकानांत यावें. भाव फुगविलेला नसल्यामुळें कमी करण्याचा आग्रह व्यर्थ आहे. आणि किंमत लागलीच चुकती करावी, उधारी कोणासही नाहीं. ज्या काळीं दुकानदार गिऱ्हाइकापुढें वांकून बोलत, त्या काळीं हें पत्रक उद्धटपणाचें वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु त्या उद्धटपणांत एक प्रकारची समता होती. सरदाराची बायको आणि सुताराची बायको यांना एचिगोयांत एकच भाव ऐकूं येई.

परिणाम काय झाला तें इहारा साइकाकू या कादंबरीकारानें १६८८ सालीं लिहून ठेविलें आहे. त्याच्या वर्णनाप्रमाणें दुकानांत चाळीसांहून अधिक गुमास्ते होते आणि प्रत्येकाकडे कापडाचा एकेक प्रकार सोंपविलेला होता. मखमलीचा तळहाताएवढा तुकडा मागितला तरी मिळे. एखाद्या सामुराईस तांतडीनें दरबारी पोशाख हवा असल्यास शिंपी तेथेंच बसलेले असत. गिऱ्हाइकानें थांबावें आणि कपडा घेऊन जावें. दिवसाची विक्री सरासरी १५० सुवर्णनाण्यांची. पुढें पुढें तर अकस्मात् पाऊस आल्यास गिऱ्हाइकांना दुकानाची खूण रंगविलेल्या छत्र्या उसन्या देण्याची चाल पडली. पावसाच्या दिवशीं रस्तोरस्तीं एचिगोयाचें नांव फिरूं लागलें. उधारी न देणारा दुकानदार छत्री मात्र ओळखपाळख न विचारतां देई, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. होकुसाई या विख्यात चित्रकारानें फूजी पर्वताचीं जीं चित्रें काढलीं त्यांपैकीं एकांत सुरुगाचोमधील या दुकानाचें उतरतें छप्पर, त्यावर काम करणारे कवेलूकार आणि मागें फूजीचें शिखर दिसतें. खालीं पाटीवर 'रोख' आणि 'फुगविलेला भाव नाहीं' अशीं अक्षरें आहेत.

ज्यांनीं हा मार्ग धरला नाहीं त्यांचें काय झालें, हेंही याच घराण्यानें लिहून ठेविलें आहे. ताकातोशीचा नातू ताकाफुसा यानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत एक ग्रंथ रचला. त्यांत क्योतोंतील सुमारें पन्नास धनाढ्य व्यापारी घराणीं कशीं बुडालीं याचा वृत्तांत आहे. कारणांत ऐषआराम आहे, नादानी आहे. परंतु वारंवार येणारें कारण म्हणजे दाइम्योंना दिलेलीं कर्जें. मोठ्या माणसाची उधारी हा त्या काळीं मान समजला जाई. कर्ज मागावयास गेल्यास मान जाई, न गेल्यास घर जाई. लहान दुकानदाराच्या नातवानें मोठ्या व्यापाऱ्यांची ही मृत्युनोंद आपल्या घरच्या पुढील पिढ्यांसाठीं लिहावी, यांतच त्या घराच्या शहाणपणाचें रहस्य आहे. एचिगोयाचें पुढें १९०४ सालीं 'मित्सुकोशी' या नांवानें जपानांतील पहिलें आधुनिक बहुशाखी भांडार झालें. तें भव्य भांडार टोकियोच्या त्याच भागांत आजही उभें आहे.

जपानांत हें घडत होतें त्याच्या थोडें आधींच, पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास इंग्लंडांत, अगदीं निराळ्या कारणानें हाच नियम पुढें आला होता. जॉर्ज फॉक्स याच्या अनुयायांना लोक क्वेकर म्हणत. कोणापुढें टोपी काढावयाची नाहीं व शपथ घ्यावयाची नाहीं, अशीं त्यांचीं व्रतें होतीं. दहा घेण्याची इच्छा असतां पंधरा सांगणें हें असत्यभाषण होय, असें त्यांनीं ठरविलें. म्हणून त्यांचे दुकानदार पहिल्याच शब्दांत खरा भाव सांगूं लागले. आरंभीं लोक या विचित्र माणसांकडे फिरकत ना, आणि पुष्कळांचा धंदा बसला. मग हळूहळू अनुभव आला. फॉक्सनें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे कीं, क्वेकराच्या दुकानांत लहान मुलास पाठविलें तरी आईबाप स्वतः गेल्यासारखाच व्यवहार होतो, अशी लोकांची खात्री पटली. हें वाचतांना आम्हांस तो गूळ आठवला. दुकानदाराच्या प्रामाणिकपणाची कसोटी शोधण्यास मोठें शास्त्र नको. त्याच्याकडे एक लहान मूल पाठवावें म्हणजे झालें.

ताकातोशीच्या गांठीं पैसा होता आणि क्वेकरांच्या पाठीशीं धर्मपंथ होता. ज्यांच्याजवळ यांपैकीं कांहींच नव्हतें अशा माणसांनीं चालविलेलें दुकान पाहावयाचें तर १८४४ सालच्या रॉचडेल गांवीं गेलें पाहिजे. मँचेस्टरजवळील या गांवांत लोकरीचें फ्लॅनेल विणणारे कामकरी राहत. त्यांची मजुरी तोकडी. तीही कांहीं ठिकाणीं मालकाच्याच दुकानांतून माल घेण्याच्या बोलीवर मिळे. ही चाल बंद करण्यासाठीं इंग्लंडांत १८३१ सालीं कायदा झाला होता, तरी ती सर्वत्र गेली नव्हती. किरकोळ दुकानदार उधार देत, पण उधारींत अडकलेल्या गिऱ्हाइकास माल कसा मिळावयाचा? पिठांत तुरटी आणि चहांत भलताच पाला. डॉक्टर आर्थर हॅसल यांनीं १८५१ ते १८५४ या वर्षांत लंडनमधील खाद्यपदार्थ तपासून त्यांतील भेसळ वैद्यकीय नियतकालिकांत उघडकीस आणली आणि भेसळीविरुद्ध पहिला कायदा १८६० सालीं झाला. त्यापूर्वीं गरीब गिऱ्हाइकाच्या हातीं एकच उपाय होता: दुसऱ्या दुकानांत जाणें. आणि ज्याचें खातें थकलेलें आहे त्याला तोही उपाय नव्हता.

रॉचडेलच्या विणकरांनीं व इतर कारागिरांनीं १८३३ सालीं एकदां स्वतःचें दुकान काढून पाहिलें होतें. तें उधारीपायीं दोन वर्षांत बुडालें. हा धडा घेऊन दुसऱ्या वेळीं त्यांनीं आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूस टाकून माणशीं एक पौंड जमविला. असे अठ्ठावीस पौंड झाले. टोड लेन नांवाच्या गल्लींतील एका वखारीचा तळमजला भाड्यानें घेतला आणि २१ डिसेंबर १८४४ रोजीं संध्याकाळीं दुकानाच्या झडपा उघडल्या. आंत माल काय होता? थोडें लोणी, थोडी साखर, गव्हाचें व ओटचें पीठ आणि कांहीं मेणबत्त्या. रस्त्यावरचीं पोरें हा 'विणकरांचा बाजार' पाहून खदखदां हसलीं. आरंभीं तर दुकान आठवड्यांतून दोनच संध्याकाळीं उघडें असे, कारण विकणारे दिवसा मागावर बसलेले असत.

त्यांचे नियम असे: वजन पूर्ण, माल शुद्ध, पैसे रोख, भाव बाजाराप्रमाणें आणि सर्वांना एकच. एचिगोयानें भाव उतरविला होता. यांनीं तो बाजारभावावरच ठेविला आणि जो नफा राहील तो तिमाहीस, ज्यानें जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणांत सभासदांना परत दिला. ज्या घरांत एक शिलिंगही शिल्लक पडत नसे त्या घरांत नुसतें पीठ-साखर घेतां घेतां शिल्लक पडूं लागली. पहिलें वर्ष संपतां सभासद ७४, भांडवल १८१ पौंड आणि वर्षाची विक्री ७१० पौंड झाली. १८६० सालीं सभासद ३,४५० होते आणि विक्री १,५२,००० पौंडांच्या वर गेली होती. सहकारी दुकानें पूर्वीं निघालीं होतीं, परंतु जगभरच्या सहकारी चळवळीनें नमुना म्हणून स्वीकारला तो टोड लेनचा. पोरें ज्याला हसलीं त्या तळमजल्यांत आज संग्रहालय आहे.

येथवर आमची कथा रोखीच्या बाजूनें गेली आहे आणि चाणाक्ष वाचकांच्या मनांत एव्हांना एक आक्षेप उभा राहिला असेल. रोखीचा नियम ज्याच्या खिशांत रोख आहे त्याच्या सोयीचा. ज्याचा पगार थकला, ज्याच्या घरीं आजार आला, ज्याची गिरणी बंद पडली, त्यानें काय करावें? आपल्या शहरांतून संपाच्या आणि टाळेबंदीच्या दिवसांत हजारों चुली पेटत्या राहिल्या त्या वाण्याच्या खात्यावर. २०२० सालीं रोगाच्या सांथीमुळें सगळें बंद होतें, तेव्हांही कोपऱ्यावरचें किराणा दुकान उघडें होतें, आणि पुष्कळ ठिकाणीं तेथील वही उघडी होती. 'आज रोख, उद्यां उधार' ही पाटी भिंतीवर असते खरी. परंतु तिच्याखालीं बसलेला मनुष्य अनेकदां पाटीपेक्षां मोठा निघतो. उधारीचें हें पुण्य नाकारून रोखीचे गोडवे गाणें म्हणजे अर्धेंच सत्य सांगणें होय.

या आक्षेपाचें उत्तर आम्हांस पुस्तकांत सांपडलें नाहीं. तें आम्ही त्या अरुंद दुकानांत पाहिलें होतें. आमचे वडील एकदां दीर्घ आजारानें अंथरुणास खिळले. घरांतील पैसा औषधांत गेला. आई भीत भीत दुकानांत गेली आणि नेहमींच्या अर्धेंच सामान मागूं लागली. दुकानदारानें यादी पाहिली, कांहीं विचारलें नाहीं आणि सामान पूर्ण भरून दिलें. आई पैशाचें बोलूं लागली तेव्हां तो म्हणाला, "वहिनी, फळ्यावरचाच भाव लावला आहे. पैसे सवडीनें द्या." असें दोन महिने चाललें. पुढें आईनें एकेक रुपया फेडला. त्या दोन महिन्यांची पुडी आणि त्यापूर्वींची पुडी यांत गुंजभर फरक नव्हता. वजन तेंच, माल तोच, भाव तोच.

त्या माणसानें उधारी दिली, परंतु तिची किंमत गुळांत मिसळली नाहीं. पहिल्या दुकानांत उधारी सर्वांना मिळे आणि तिचा भार भावाच्या पोटांत दडलेला असे; म्हणून ती कोणाला पडली आणि किती पडली हें कोणालाच कळत नसे. दुसऱ्या दुकानांत उधारी सहसा मिळत नसे. पण मिळाली तर ती उधारी म्हणूनच मिळे, वहींत वेगळी मांडून, दुकानदाराच्या स्वतःच्या जोखमीवर. एचिगोयाची छत्री याच जातीची. दया करावयाची तर ती उघड करावी, आणि भाव मात्र स्वच्छ ठेवावा. दया जर भावांत मिसळली तर तिच्या आडून लबाडीही आंत शिरते, आणि मग दोहोंची ओळख पटत नाहीं. लहान दुकानदारास मोठ्या भांडारांपुढें टिकावयाचें असेल तर त्याच्या हातीं हीं दोन हत्यारें आहेत: सर्वांस सारखा भाव आणि प्रत्येकाची वेगळी ओळख. पहिलें फळ्यावर असावें, दुसरें मनांत. त्यांची अदलाबदल झाली कीं दुकान बुडालेंच.

एकोणिसाव्या शतकांत मोठ्या भांडारांनीं एकभावाचा हा नियम उचलला. पॅरिसमधील 'बाँ मार्शे' या दुकानांत आरिस्तीद बुसिको १८५२ सालीं भागीदार झाला आणि त्यानें किंमतीच्या चिठ्या लावून मोठा व्यापार उभारला. आपल्याकडे आतां बंद पाकिटावर कमाल किंमत छापण्याचें कायद्याचें बंधन आहे. तेव्हां एकच भाव ही आतां शिळी गोष्ट झाली, असें कोणी म्हणेल. परंतु गेल्या कांहीं वर्षांत उलटाच प्रवाह सुरू झालेला दिसतो. विमानाचें तिकीट सकाळीं एका किंमतीस असतें, सायंकाळीं दुसऱ्या. भाड्याची मोटार पाऊस पडूं लागला कीं महाग होते. यंत्राला आपली गरज, आपली घाई आणि आपली सवय कळूं लागली आहे. पूर्वीं दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा वाचून भाव सांगे. आतां चेहरा न दाखवितांही तो वाचला जाण्याचा संभव आहे, आणि येथें घासाघीस करण्यास समोर माणूसही नाहीं. एचिगोयानें भिडस्त गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून जें ओझें उतरविलें तें पुन्हां हळूच चढविलें जात आहे.

अशा काळांत कोपऱ्यावरच्या दुकानदाराची फळी आम्हांस पूर्वींपेक्षां अधिक मोलाची वाटते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलानें दुकान काढतों म्हटलें तर अजूनही आईबापांचे चेहरे उतरतात. शिक्षण फुकट गेलें असें वाटतें. त्यांनीं नऊ फुटी दुकानाचा आणि अठ्ठावीस पौंडांचा हा इतिहास एकदां आठवावा. त्या दुकानदारांनीं बुद्धि, धैर्य आणि सचोटी यांची जी परीक्षा दिली ती कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षेहून सोपी नव्हती, आणि ती त्यांना रोज सकाळीं फळ्या उघडून नव्यानें द्यावी लागे.

आमच्या आळीपलीकडचें तें दुकान आतां राहिलें नाहीं. मालक वारले, मुलें दुसऱ्या व्यवसायांत गेलीं. खडूचा फळा कोठें गेला कोण जाणे. परंतु आईच्या डब्यांत दोऱ्याचें एक जुनें रीळ अजून आहे. त्यांतला कोणता दोरा कोणत्या दुकानाचा हें आतां सांगतां येणार नाहीं. पण ज्या पुडीचा भाव फळ्यावर वाचून आम्ही निर्धास्तपणें घरीं आलों, तिचा दोरा त्यांत पुष्कळ असावा.